फायफरचं विष

पटकीचा जंतू माणसाला नेमका मारतो कसा, हा प्रश्न १८९२ साली बर्लिनमध्ये ऐरणीवर आला होता. जंतू कोणता, हे रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात पाहून ठरवून टाकलं होतं. पण हा जीव राहतो आतड्यात, रक्तात सहसा उतरत नाही, आणि तरीही काही तासांत धडधाकट माणसाचं चिपाड करतो, ते कशाच्या जोरावर? त्या काळाचं उत्तर तयार होतं : विष. पॅरिसमध्ये रू आणि येर्सिन यांनी १८८८ साली घटसर्पाचे जंतू गाळून काढले आणि मागे उरलेला निव्वळ द्रव टोचला, तरी जनावर मेलं. दोन वर्षांनी बेरिंग आणि कितासातो यांनी असल्या विषावर उतारा मिळतो हेही दाखवलं. जंतू विष ओकतो, शरीर त्यावर उतारा तयार करतं, असं एक सुटसुटीत चित्र उभं राहिलं होतं.

कॉखच्या संस्थेतला रिचर्ड फायफर तेव्हा चौतीस वर्षांचा होता. त्याने पटकीचे जंतू वाढवले, गाळले, गाळलेला द्रव गिनिपिगांना टोचला. म्हणण्यासारखं काही झालं नाही. मग त्याने उलट केलं. जंतू उष्णतेने मारले आणि ती मेलेली मढीच टोचली. गिनिपिगांचं अंग गार पडत गेलं, ती लुळी झाली आणि मेली. जंतू जिवंत नव्हते, वाढणार नव्हते, काही ओकणार नव्हते. तरी मारत होते. विष बाहेर सोडलेलं नव्हतं, जंतूच्या अंगातच होतं आणि उष्णतेला दाद देत नव्हतं. पुढे त्याला एंडोटॉक्सिन, म्हणजे अंतर्विष, हे नाव पडलं.

दोन वर्षांनी त्याने आणखी एक गोष्ट पाहिली आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षा मोठी होती. पटकीला सरावलेल्या गिनिपिगाच्या पोटात जिवंत जंतू सोडले की ते पाहता पाहता विरघळतात. शरीर जिंकलं, असं कोणीही म्हणेल. पण मात्रा फार मोठी असली तर सगळे जंतू विरघळलेले असतात आणि गिनिपिगही मेलेला असतो. शत्रू संपला, तरी घरधनी वाचला नाही. या कोड्याचं उत्तर मिळायला शंभर वर्षं लागली.

जाता जाता सांगायला हवं की फायफर ज्या विषाच्या मागे होता ते हे नव्हतंच. माणसाच्या आतड्यातून पाण्याचे लोट काढणारं पटकीचं खरं विष गाळलेल्या द्रवातच होतं. ते कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्याचा तुकडा बांधून, त्यात तो द्रव भरून दाखवलं. फायफरला चुकीच्या दारावर थाप मारून भलत्याच घरात शिरण्याची खोडच होती. त्याच १८९२ साली त्याने इन्फ्लुएंझाचा जंतू सापडल्याची घोषणा केली. ती चूक होती, आणि खरा विषाणू १९३३ मध्ये सापडेपर्यंत तिने अनेकांना नादी लावलं. पण पटकीच्या बाबतीत तो ज्या घरात शिरला, ते घर मोलाचं निघालं.

१८९७ च्या मार्चमध्ये हा माणूस मुंबईत होता. आदल्या सप्टेंबरात मांडवीमध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याकडच्या डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला होता. त्यानंतर निम्मी मुंबई गाठोडी बांधून पळाली. वर्तमानपत्रांत रोगाचं नाव ‘ग्रंथिक सन्निपात’ असं छापून येई. त्याच मार्चच्या १० तारखेला पुण्याजवळ रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. जर्मन सरकारने पाठवलेल्या प्लेग कमिशनमध्ये गाफकी, श्टिकर, द्युडोने यांच्याबरोबर फायफर होता. कॉख दक्षिण आफ्रिकेतलं गुरांच्या साथीचं काम आटोपून मागाहून मे महिन्यात येऊन मिळाला.

ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत तेव्हा वाल्डेमार हाफकिन लस बनवत होता. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, म्हणजे त्यांना लोंबकळत प्लेगचे जंतू भरघोस वाढतात, ही त्याची युक्ती. वाढलेले जंतू तापवून मारायचे आणि सगळा रस टोचायचा. १० जानेवारीला त्याने स्वतःलाच भलीमोठी मात्रा टोचून घेतली होती आणि तापाने फणफणला होता. पुढे ज्यांनी ज्यांनी लस घेतली त्यांनाही ताप यायचा, हात ठणकायचा, आणि लोकांचा संशय बळावायचा. मेलेल्या जंतूंच्या अंगातलं विष त्या तापात वाटेकरी होतं. ते विष ज्याने शोधलं तो माणूस त्याच शहरात, त्याच जंतूवर काम करत होता, हा योग इतिहासकारांच्या नजरेतून सहसा निसटतो. आणि प्लेगच्या जंतूचं या विषाशी काही वेगळंच नातं आहे, हे कळायला मात्र आणखी एकशेनऊ वर्षं जायची होती.

पुढची पन्नासेक वर्षं रसायनशास्त्राची. आंद्रे ब्वावँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात हे विष जंतूंतून वेगळं काढलं. जर्मनीत ओटो वेस्टफाल आणि ओटो ल्युडरिट्झ यांनी गरम पाणी आणि फिनॉल वापरून ते आणखी शुद्ध केलं. रेणू निघाला दुहेरी : बाहेरच्या टोकाला साखरेची लांबलचक माळ, आतल्या टोकाला मेद. म्हणून नाव लिपोपॉलिसॅकराइड, तोंडी भाषेत एलपीएस. खरं विष मेदाच्या टोकात. त्याला लिपिड ए म्हणतात : दोन साखरा आणि त्यांना चिकटलेल्या, आतड्यातल्या ई. कोलायसारख्या जंतूत सहा, मेदाच्या शेपट्या. या सहा शेपट्या लक्षात ठेवाव्यात, शेवटी त्यांचंच काम आहे. ज्यांना ग्रॅम-निगेटिव्ह म्हणतात अशा जवळजवळ सगळ्या जिवाणूंचं बाहेरचं आवरण या रेणूनेच बनलेलं असतं. एकेका जंतूवर ते दहा लाखांच्या घरात असतात. म्हणजे जंतूने हे विष आपल्याला मारण्यासाठी बनवलेलं नाही. ती त्याची कातडी आहे.

रसायनशास्त्रज्ञ कातडी सोलत होते तेव्हा इस्पितळं याच रेणूशी वेगळ्या कारणाने झगडत होती. शिरेतून सलाइन दिलं की काही रोग्यांना हुडहुडी भरून ताप चढे. पाणी तर उकळलेलं, ऊर्ध्वपातित. अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्टने १९२०च्या दशकात दाखवलं की पाण्यात पूर्वी वाढून गेलेल्या जिवाणूंचे अवशेष उकळूनही टिकतात आणि तेच ताप आणतात. त्यामुळे टोचण्याचं प्रत्येक औषध आधी सशाला टोचून, त्याचा ताप मोजून मगच बाजारात सोडायची रीत पडली. या सशांची सुटका केली ती एका खेकड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याने. समुद्राकाठच्या नालखेकड्याच्या निळ्या रक्तात ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू शिरले की रक्त गोठतं, असं फ्रेडरिक बँगने १९५६ मध्ये पाहिलं. पुढे जॅक लेव्हिनबरोबर त्याने दाखवलं की त्याला जिवंत जंतूही लागत नाही, नुसतं एंडोटॉक्सिन पुरतं. कोट्यवधी वर्षं फारसा न बदललेला हा प्राणी ज्या रेणूला ओळखतो, त्यालाच आपणही ओळखतो. माणसाला तर वजनाच्या किलोमागे दोन ते चार नॅनोग्रॅम एवढं शुद्ध एंडोटॉक्सिन टोचलं तरी ताप भरतो.

पण ओळखतं कोण? हा प्रश्न एवढा सरळ असून तो कोणी विचारत नव्हतं, कारण विष म्हणजे ॲसिडसारखं थेट पेशी जाळणारं काहीतरी, अशी सर्वांची समजूत होती. तिला पहिला धक्का दिला तो एका उंदराच्या जातीने. सी३एच/एचईजे ही अमेरिकेच्या मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीत पैदा केली जाणारी जात. १९६८ मध्ये बार्नेट सल्टझर यांनी नोंदवलं की इतर उंदीर ज्याने हमखास मरतात त्या मात्रेच्या कितीतरी पट एंडोटॉक्सिन हे उंदीर पचवतात. एकाच जनुकातल्या बिघाडाने असं होतं हेही पुढे ठरलं. जनुकाची जागा चौथ्या गुणसूत्रावर निघाली. विष थेट जाळत असतं तर एका जनुकाच्या बिघाडाने ते निष्प्रभ कसं होईल? शरीरात काहीतरी आहे, जे या रेणूला पाहतं आणि मग उत्पात करतं. ते काहीतरी या उंदरांत मोडलेलं होतं. मग हे उंदीर भाग्यवान म्हणायचे का? मुळीच नाही. त्यांना साल्मोनेलाचे थोडेसे जिवंत जंतू दिले की ते मरतात, जिथे नेहमीचे उंदीर तगतात. ज्याच्यामुळे मरण येतं, त्याच्यामुळेच जगणंही होतं.

उत्पात कशाने होतो हे १९८५ मध्ये स्पष्ट झालं. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस ब्यूटलर हा तरुण डॉक्टर अँथनी सेरामींकडे काम करत होता. एंडोटॉक्सिन भेटल्यावर आपल्याच भक्षक पेशी जे प्रथिन सोडतात, आज ज्याला टीएनएफ म्हणतात, ते त्याने शुद्ध केलं. त्याविरुद्धची प्रतिपिंडं आधी टोचून ठेवली तर एंडोटॉक्सिनने मरायचे उंदीर बऱ्याच प्रमाणात वाचतात हेही दाखवलं. म्हणजे फायफरचे गिनिपिग जंतूच्या विषाने मेलेच नव्हते. चोर शिरल्याची हाकाटी होताच गावानेच आपली घरं पेटवून द्यावीत, तसं झालं होतं. ताप, रक्तवाहिन्यांची गळती, कोसळणारा रक्तदाब, हे सगळं आपल्याच शरीराचं. जखमेपुरती ही आग लागली तर तिच्यामुळेच आपण वाचतो. रक्तभर लागली तर तिला सेप्सिस म्हणतात.

आता हाकाटी ऐकणारा कान शोधायचा होता, आणि तो शोधणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपण तो शोधतो आहोत हेच माहीत नव्हतं. येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिषदेत आपल्याच पंथाची एक लपवाछपवी चव्हाट्यावर मांडली. नुसतं शुद्ध प्रथिन टोचून प्रतिपिंडं नीट तयार होत नाहीत. त्यात मेलेल्या जंतूंचा चुरा मिसळावा लागतो. तो का लागतो, हे कोणी बोलत नव्हतं. जेनवेंचं म्हणणं असं की प्रतिपिंडांची शिकाऊ फौज हलण्याआधी उपजत प्रतिकारशक्तीने ‘हे परकं आणि जंतूचंच’ असा निर्वाळा द्यावा लागतो, आणि तो देण्यासाठी तिच्यापाशी जंतूंच्या न बदलणाऱ्या खुणा ओळखणारे ग्राहक रेणू जन्मतःच असले पाहिजेत. एकही ग्राहक हातात नसताना केलेलं हे भाकीत होतं. हा निबंध मॉस्कोत वाचून भारावलेला रुस्लान मेझितोव हा ताश्कंदचा विद्यार्थी पुढे जेनवेंकडेच जाऊन पोहोचला.

तिकडे फ्रान्समध्ये श्ट्रासबुर्गला ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र फळमाश्यांवर काम करत होता. माशीच्या गर्भात पाठ कुठली, पोट कुठलं हे ठरवणारं टोल नावाचं जनुक आधीच ठाऊक होतं. लमेत्रने टोल बिघडलेल्या प्रौढ माश्यांना बुरशीची लागण केली; त्या मेल्या, आणि त्यांच्या अंगावर बुरशीचे तंतू केसांसारखे उगवून आले. १९९६ मधलं ते छायाचित्र आज रोगप्रतिकारशास्त्राच्या वर्गावर्गात दाखवतात. पुढच्याच वर्षी मेझितोव आणि जेनवे यांनी माणसातला टोलसारखा रेणू शोधून तो पेशींना चेतवतो हे दाखवलं. तो काय ओळखतो, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

ब्यूटलर एव्हाना डॅलसमध्ये होता आणि १९९३ पासून त्या जुन्या हट्टी उंदरांचं बिघडलेलं जनुक खोदत होता. त्या काळी उंदराच्या जनुकसंचाचा नकाशा नव्हता. दोन हजारांहून अधिक पिल्लांची पैदास करून, एकेकाची तपासणी करून, पंचवीस लाखांहून जास्त अक्षरांच्या पट्ट्यात शोध चालला होता. मॉन्ट्रियलमध्ये दुसरा गट त्याच जनुकामागे होता. सप्टेंबर १९९८ मध्ये अलेक्झांडर पोल्टोराक आणि सहकाऱ्यांच्या कामातून संगणकावर उत्तर उमटलं : ते माशीच्या टोलचं भावंड होतं, टीएलआर-४. मेझितोव-जेनवेंनी माणसात पाहिलेलं तेच. हट्टी उंदरांत त्या प्रथिनाच्या ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन बसलं होतं. बस, एवढंच. पुढे दिसलं की टीएलआर-४ला एमडी-२ नावाचा एक जोडीदार असतो आणि त्याच्या पोकळीत लिपिड एच्या शेपट्या बसतात. सहा शेपट्या नीट बसल्या की दोन जोड्या एकत्र येतात आणि पेशीच्या आत आरोळी उठते.

२०११ चं नोबेल ब्यूटलर, हॉफमन आणि राल्फ स्टाइनमन यांना मिळालं. स्टाइनमन घोषणेच्या तीनच दिवस आधी गेले होते, हे समितीला माहीत नव्हतं. जेनवे २००३ मध्येच गेले होते. मेझितोव हयात होता आणि वगळला गेला. त्यावर नावाजलेल्या रोगप्रतिकारशास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून नाराजी नोंदवली, आणि माश्यांचं काम प्रत्यक्ष कोणी केलं यावरून लमेत्रनेही जाहीर तक्रार केली. मला वाटतं, जेनवेंचं भाकीत नसतं तर टीएलआर-४ हे उंदरांच्या एका जातीचं लहरी जनुक म्हणूनच फायलीत पडून राहिलं असतं. औषधांनी मात्र कोणाचीच बाजू घेतली नाही. टीएलआर-४ बंद पाडणारं एरिटोरॅन हे औषध सुमारे दोन हजार सेप्सिसच्या रोग्यांवर तपासलं गेलं. २०१३ मध्ये निकाल आला तेव्हा मृत्यू कमी झाले नव्हते. आग पसरल्यावर हाकाटी थांबवून फारसं काही हाती लागत नाही.

शिवाय कान एकच नव्हता. १९९५ पासून असा समज होता की कास्पेज-१ हे प्रथिन नसलेले उंदीर एंडोटॉक्सिनने मरत नाहीत. २०११ मध्ये जेनेनटेक कंपनीतल्या कायागाकी आणि विश्व दीक्षित यांच्या गटाला कळलं की ते उंदीर ज्या जातीच्या पेशींपासून बनवले होते, त्या जातीत शेजारचं कास्पेज-११ सुद्धा आधीपासूनच मोडलेलं होतं. सोळा वर्षं गुन्हा शेजाऱ्याचा आणि नाव मात्र भलत्याचंच. पेशीच्या बाहेर टीएलआर-४ पहारा देतो. जंतू आतच घुसला तर कास्पेज-११, माणसात कास्पेज-४ आणि ५, लिपिड एला थेट पकडतात, हे बीजिंगच्या फेंग शाओ यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं. त्यानंतर गॅस्डर्मिन डी नावाचं प्रथिन पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं आणि पेशी फुटून मरते, आतल्या जंतूला उघड्यावर टाकून.

आता प्लेग. येर्सिनिया पेस्टिस हा जंतू पिसवेच्या पोटात असतो तेव्हा गारव्यात असतो, आणि त्याच्या लिपिड एला सहा शेपट्या असू शकतात. माणसाच्या किंवा उंदराच्या अंगात शिरला, ३७ अंशांची ऊब लागली की नव्याने बनणाऱ्या लिपिड एवर तो चारच शेपट्या ठेवतो. चार शेपट्या टीएलआर-४ला चेतवत नाहीत, कास्पेज-११लाही नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात एगिल लिएन आणि जॉन गोगन यांच्या गटाने २००६ मध्ये प्लेगच्या जंतूत ई. कोलायचं एक जनुक घातलं, जेणेकरून ३७ अंशांतही त्याच्यावर सहा शेपट्या राहाव्यात. बाकी सगळं तसंच. हा जंतू उंदरांना मारू शकला नाही, मोठ्या मात्रेतही नाही. ज्या उंदरांत टीएलआर-४ नव्हतं त्यांनाच त्याने मारलं. १८९७ मध्ये मुंबईत रोग्याच्या गाठीतून काढलेल्या द्रवात हे जंतू खच्चून भरलेले दिसत, तरी सुरुवातीला शरीर गप्प का राहतं, याचं उत्तर या दोन शेपट्यांत आहे. एंडोटॉक्सिनचा शोधकर्ता मुंबईत अशा जंतूवर झुकला होता जो तेच एंडोटॉक्सिन लपवून जगत होता.

प्लेग एवढ्यावर थांबत नाही. तो आपल्या पेशीत सुईसारख्या नळीतून प्रथिनं टोचतो, आणि त्यांतली काही पेशीतल्या ऱ्हो या प्रथिनाला लुळं करतात, म्हणजे भक्षक पेशीला हलता येत नाही, गिळता येत नाही. अनेक जिवाणूंची विषं हाच घाव घालतात. इस्पितळात प्रतिजैविकांनंतर जुलाब आणणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचं विषही त्यातलंच. इथे उपजत प्रतिकारशक्तीने फार वेगळी तऱ्हा शोधलेली आहे. विष शेकडो आकारांचं असू शकतं, त्या प्रत्येकाला ओळखणं अशक्य. म्हणून ती विषाकडे पाहतच नाही, ऱ्होकडे पाहते. ऱ्हो लुळं पडलं की पायरिन हे प्रथिन जागं होतं आणि दाहाची साखळी सुरू करतं. शाओ यांच्या गटानेच हे २०१४ मध्ये मांडलं. अँथ्रॅक्सच्या विषाबाबत उंदरांत असाच प्रकार २००६ मध्ये दिसला होता.

आणि प्लेगकडे यावरही तोड आहे. तो योपएम नावाचं आणखी एक प्रथिन टोचतो, ते पायरिनला झोपवून ठेवतं. हे २०१६ मध्ये कळलं. पायरिनचं जनुक मात्र त्याआधी, १९९७ मध्ये, एका आनुवंशिक रोगाच्या निमित्ताने सापडलं होतं : तुर्क, आर्मेनियन, अरब, ज्यू अशा भूमध्य समुद्राकडच्या लोकांत चालत आलेला, अधूनमधून ताप आणि पोटदुखीचे झटके देणारा रोग. आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून बिघडलेलं जनुक आलं की रोग होतो. एकच आलं तर माणूस सहसा ठणठणीत. अशी एकेक प्रत बाळगणारे त्या भागांत काही ठिकाणी दहांत एक किंवा त्याहूनही जास्त. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॅन कास्टनर, जे जिन चे यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की या बिघडलेल्या पायरिनवर योपएमची पकड ढिली पडते. अशा माणसांच्या पेशी प्लेगच्या जंतूपुढे गप्प राहत नाहीत, आणि माणसाचं ते बिघडलेलं जनुक घातलेले उंदीर प्लेगमधून इतरांपेक्षा जास्त संख्येने वाचतात.